निघालेल्या माणसाला विचारू नये

सर कुणालाच "बरोबर" म्हणायचे नाहीत. पोरानं पाढा बिनचूक म्हटला तरी नाही आणि पोरीनं कविता न अडखळता म्हणून दाखवली तरी नाही. "बरं, मग?" एवढंच म्हणायचे. नाहीतर "कशावरून?" उत्तर चुकलं तरी तेच, "कशावरून?" पोरांना मास्तरच्या तोंडाकडे बघून उत्तर फिरवायची सवय असते. सरांपुढे ती सवय काही कामाची नव्हती. त्यांच्या तोंडावरून काहीच कळायचं नाही.

हे मला ठाऊक आहे, कारण त्या शाळेत मी खिचडी शिजवते. सेलू तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. दोन खोल्या आणि मागच्या अंगाला पत्र्याचं स्वयंपाकघर. माझ्या शेगडीच्या समोरच चौथीच्या वर्गाची खिडकी येते. खिडकीला गज आहेत, झडपा कधीच्या निघून गेल्या, म्हणून वर्गातलं सगळं ऐकू येतं. माझं स्वतःचं शिक्षण चौथीच. माहेरच्या शाळेत मी मागच्या भिंतीला टेकून बसायची. आमचे गुरुजी हात वर करणाऱ्यालाच विचारायचे आणि माझा हात कधी वर गेला नाही, त्यामुळे मला कुणी काही विचारलंच नाही. सर आले तेव्हा मी तांदूळ निवडत निवडत परत चौथीत बसले, असं म्हटलं तरी चालेल. आणि या खेपेला वर्गात माझी लेक शीतल होती, म्हणून कान जास्तच लावून बसले.

सरांच्या शर्टाच्या खिशात बडीशेपेची एक चपटी डबी असायची. प्रश्न विचारला की ते डबी काढायचे, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायचे आणि खिडकीतून बाहेरच्या कडुलिंबाकडे बघत सावकाश चघळायचे. ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, हा त्यांचा नियम. पहिल्या दिवशी वर्ग एकदम गप्प झाला तेव्हा मला वाटलं, सरांना चक्कर आली की काय. मी पळी हातात घेऊनच खिडकीशी गेले. सर लिंबाकडे बघत होते आणि सगळी पोरं सरांकडे बघत होती. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, जणू काम चालू आहे. पुढे पुढे त्या वेळात मीच पातेल्यातली पळी थांबवायला लागले. खालून खिचडी लागली तर लागली.

पोरांनी त्यातही एक गोम शोधून काढली होती. प्रश्न साधा असला की सर चार दाणे घ्यायचे. अवघड असला की चिमूट मोठी व्हायची. त्यामुळे डबी उघडली की सगळ्या वर्गाची नजर सरांच्या बोटांवर. एकदा त्यांनी पार तळहातावर ओतून घेतली, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मेलो आता." तो प्रश्न होता, "या गावात पहिला माणूस आला, त्यानं घर इथंच का बांधलं असेल?" त्यावर पोरं कितीतरी दिवस भांडत होती. कुणी म्हणालं ओढा होता म्हणून. कुणी म्हणालं, त्याचा बैल इथं बसला आणि उठलाच नाही म्हणून. बैलाचं म्हणणं सरांना फार आवडलं. "कशावरून?" म्हणाले, पण हसत म्हणाले.

प्रश्नांचे प्रकार असतात हे मला सरांमुळे कळलं. तोवर मला वाटायचं, प्रश्न म्हणजे प्रश्न. सरांनी पोरांना ते फळांवरून शिकवले होते. गोदावरी कुठल्या समुद्राला मिळते, हा बोराचा प्रश्न. आत एकच बी. पाण्याचे उपयोग सांगा, हा डाळिंबाचा. जितके दाणे काढाल तितके निघतात. आणि तो बैलाचा होता तो उसाचा. नुसता गिळता येत नाही, चावत बसावं लागतं. पोरं घरी जाऊन आयांना सांगायची, "काय गं आई, रोज बोराचंच इचारतीस. जेवलास का, जेवलास का. एखादं डाळिंबाचं इचार की." नळावर बाया मला म्हणायच्या, "काय वो, सर शाळेत फळं वाटायलेत का? आमच्या लेकरानं तर एक बी आणलं न्हाई घरला."

काही प्रश्न त्यांनी वर्गातून काढूनच टाकले होते. "समजलं का?" हा त्यातला पहिला. ते म्हणायचे, "समजलं का असं विचारलं की सगळा वर्ग हो म्हणतो. भिंतीसुद्धा म्हणतात." त्याऐवजी ते एखाद्याला उभं करून सांगायचे, "मी काल शाळेत नव्हतो असं समज. काय शिकवलं ते मला सांग." आणि स्वतः खाली पोरांत मांडी घालून बसायचे. "अक्कल आहे का", "लाज वाटते का", "किती वेळा सांगायचं" हेही बंद. शेजारच्या वर्गातल्या बाई एकदा एका पोराला असं काहीतरी ओरडल्या, तेव्हा सर आपल्या पोरांना हळू आवाजात म्हणाले, "हा प्रश्न नाही. ही छडी आहे, पुढे प्रश्नचिन्ह लावलेली." बाईंनी ते ऐकलं. मग बरेच दिवस मला दोघांचा चहा वेगवेगळ्या वेळेला करावा लागला.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. चौथीत गेले आणि पुढच्याच पोराला त्यांनी विचारलं, "आपल्या राज्याची राजधानी कोणती?" पोरगं उभं राहिलं आणि नुसतं साहेबांकडे बघत राहिलं. साहेब म्हणाले, "बोल की."

पोरगं म्हणालं, "साहेब, बडीशेप?"

साहेबांना काही उमजेना. ते म्हणाले, "काय?"

पोरानं दुसरीकडून धरलं. "साहेब, तुमाला ठाऊक न्हाई म्हून इचारायलात, का ठाऊक असून इचारायलात?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. साहेब सरांकडे वळले, "हे शिकवता का तुम्ही?"

सर शांतपणे म्हणाले, "तो उलट बोलत नाही, साहेब. त्याला खरंच जाणून घ्यायचंय." मग पोराला म्हणाले, "साहेबांना ठाऊक आहे रे. बोराचा आहे, देऊन टाक."

"मुंबई," म्हणून पोरगं खाली बसलं.

साहेबांनी चहा कपाळाला आठ्या घालूनच घेतला. आता सरांचं काही खरं नाही असं मला वाटलं. पण जाताना गाडीला किक मारता मारता साहेब थांबले आणि म्हणाले, "ते बडीशेपेचं काय होतं?" सरांनी डबी उघडून पुढे धरली. "घेऊन बघा. संपेपर्यंत बोलायचं नाही." साहेबांनी घेतली आणि चघळतच गेले. पुढे काही झालं नाही.

सर मूळचे पूर्णेचे. वडील तिथल्या स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत कामाला होते. लहानपणी सर त्यांचा डबा घेऊन जायचे आणि खिडकीखाली पोत्यावर बसून राहायचे. बाहेरून येणारे पाय आणि आवाज एवढंच त्यांना कळायचं, तोंडं दिसायची नाहीत. त्यांनी एकदा वर्गात सांगितलं होतं. एक बाई विचारायची, परभणीची गाडी गेली का? वडील म्हणायचे, नाही गेली. पण तिचे पाय हलायचे नाहीत. परत तेच विचारायची. वडील चिडायचे. सर म्हणाले, "तिला गाडीचं विचारायचंच नव्हतं. तिच्या पायांजवळ दोन लेकरांचे पाय होते, तिला विचारायचं होतं की या गर्दीत मला चढता येईल का. पण ते विचारायची तिला लाज वाटत होती. माणूस विचारतो एक, आणि आत असतं दुसरं. मला शाळेत जे शिकवलं नाही ते त्या पोत्यावर कळलं."

हे ऐकताना मी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, हा माणूस माझ्याकडे तर बघत नाही ना. पण ते लिंबाकडेच बघत होते.

माझ्याशी ते फार बोलायचे नाहीत, कारण मीच बोलायची नाही. पोरांच्या आधी खिचडीची चव मास्तरनं बघायची असा नियम आहे. सर ताटली घेऊन यायचे, एक घास खायचे. एकदा म्हणाले, "मावशी, खिचडी झाली हे तुम्हाला कसं कळतं?" मी खाली बघत राहिले. त्यांनी दोन दाणे बडीशेप तोंडात टाकली, चघळली, आणि उत्तर न घेताच गेले. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत तेच. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एक दिवस माझ्या तोंडून निघालं, "ठाऊक न्हाई, सर." मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. सरांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं काहीतरी चुकीचं बोलले. म्हणाले, "हे म्हणायला लोकांना अख्खं आयुष्य लागतं, मावशी." त्या दिवसापासून पातेलं उतरवताना माझा हात थबकतो. झाली हे मला कळतं, पण कसं कळतं ते अजून सापडलेलं नाही.

गावात मात्र कुरकुर होती. पारावर लोक म्हणायचे, "सर शिकवीत न्हाईत, नुस्तं इचारीत बसत्यात. उत्तरं काय आमच्या बापानं द्यायची?" त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या सासऱ्यांचा.

आमच्या घरी मेंढरं आहेत. दिवाळी झाली की सासरे आणि शीतलचे वडील कळप घेऊन निघतात, ते पेरण्यांच्या आधी परत येतात. लोकांच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची. त्यांच्या लेंड्यांनी रानाला खत मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल ज्वारी देतो. मी शाळेच्या कामामुळे आणि शीतलमुळे सासूबाईंबरोबर गावातच राहते. चौथी झाली की पोरगी कळपामागं, असं सासऱ्यांचं ठरलेलं होतं. सर म्हणत होते, ही पाचवीला सेलूला गेली पाहिजे, बस आहे. मी कुणालाच काही म्हणत नव्हते. पण माझा सगळा जीव तेवढ्या एका गोष्टीत होता. चौथीनंतर पोरीचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला सरांनी चौथीला अभ्यास दिला तो असा. "ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच ठाऊक नाही, असा एक प्रश्न घरातल्या मोठ्या माणसाला विचारून या. बोराचा, डाळिंबाचा, कसलाही चालेल. पण खरा पाहिजे."

भाऊबीज होऊन गेली. कळप निघायचा दिवस आला. घोड्यावर बोजा लादला, कुत्री सोडली, सासऱ्यांनी कपाळाला भंडारा लावला आणि काठी उचलली. मेंढरं वाघुराच्या, म्हणजे त्यांच्या कोंडायच्या जाळीच्या, बाहेर पडली होती. तेवढ्यात शीतल ओट्यावरून म्हणाली, "आबा, कुठं चाललात?"

आमच्यात निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारत नाहीत. काम फसतं म्हणतात. एकटा माणूस असला तर तो माघारी येतो, चपला काढतो, घोटभर पाणी पितो, जरा बसतो आणि मग परत निघतो. कळपाचं असेल तर तो दिवसच सोडून देतात. शीतलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिच्या तोंडून निघून गेलं.

सासरे जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी काठी आडवी धरली आणि सगळी मेंढरं परत वाघुरात घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. चारठाण्याच्या अंगाला एका शेतकऱ्याशी बोलणं झालेलं होतं. तिथं पोचले तर दुसऱ्याच कुणाचा कळप त्या रानात बसलेला. शेतकरी म्हणाला, "काल तुमची लय वाट बघितली. आला न्हाईत, म्हून ह्यांना दिलं." आसपास दुसरं रान ठरलेलं नव्हतं. थोडे दिवस इकडे तिकडे काढून ते कळप घेऊन घरी आले.

आल्या आल्या सासरे म्हणाले, "झाली शाळा. ह्या खेपेला पोरगी संगं येती. मागं ऱ्हायलीच न्हाई तर टोकंल कशाला?"

शीतलच्या वडलांनी खाली बघून बिडी विझवली. बापापुढे ते बोलत नाहीत. मी आत जाऊन भाकरी थापायला लागले. पीठ नीट मळलंच गेलं नाही आणि भाकरी तव्यावर फुटल्या.

शाळा उघडली. शीतल गेली नाही. खिचडीच्या वेळेला सर ताटली घेऊन आले आणि त्यांनी "का आली नाही" असं विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "शीतल?"

त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. इतकं मी कुणाशी बोलले नसेन. सरांनी डबी काढली, उघडली, आणि काही न घेता परत बंद केली. "चूक माझी आहे," म्हणाले. "विचारा म्हणून मी सांगितलं. कधी विचारायचं नाही ते मलाच ठाऊक नव्हतं. आज संध्याकाळी येतो."

आले. सासरे ओट्यावर बसून चातीवर लोकर कातत होते. सरांना बघून त्यांनी चाती थांबवली नाही.

"या, मास्तर," म्हणाले. "आमची पोरगी लय हुशार केलीत तुमी. आता मेंढरं बी इचारून पाय टाकतील. बसा. काय इचारायचं ते इचारा, तुमचा धंदाच हाय त्यो."

सर घोंगडीवर बसले. "विचारायला नाही आलो. चूक झाली ते सांगायला आलो," म्हणाले, आणि सुट्टीच्या अभ्यासाचं सगळं सांगितलं.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या पूर्णेला निघालेल्या माणसाला कुठं म्हून टोकत्यात व्हय?"

"पूर्णेला तर त्याचीच खिडकी होती," सर म्हणाले. "माझे वडील दिवसभर तेच करायचे. कुठं जायचंय? कुठली गाडी?"

"म्हून तर गाड्या लेट येत्यात," सासरे म्हणाले.

शीतलचे वडील खुदकन हसले आणि बापाकडे बघून गप्प झाले. सरही हसले. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. मी दाराआड उभी होते. त्यांच्या तोंडात एक प्रश्न आलेला मला दिसला. तो आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात होता. त्या दिवशी मेंढरं परत वाघुरात घातली नसती, तर रान गेलं असतं का? सरांनी बडीशेप घेतली. चांगली मोठी चिमूट. आणि प्रश्न तिच्याबरोबर चघळून गिळून टाकला.

हे मी नंतर एकदा त्यांना म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, "त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, मावशी. त्यांनाही होतं. उत्तर ठाऊक असताना पोरांना विचारलं तर ती शाळा. म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर त्याला कान धरून उभं केल्यासारखं."

बडीशेप संपल्यावर सर शीतलकडे वळले. ती खांबाला धरून उभी होती. म्हणाले, "बाळ, तुला खरं काय विचारायचं होतं?"

शीतलनं आधी चातीकडे बघितलं. सासरे चिडतील असं मला वाटलं, पण चाती फिरत होती. मग शीतल म्हणाली, "आबा आन बाबा जात्यात तवा कुठं असत्यात ते मला ठाऊक नसतंय. फोन लागला तर आई नुस्तं म्हणती, मेंढरं बरी हायत का. मी जेवताना इचारलं की आई म्हणती, असतील कुठंतरी. मला कुठंतरी म्हंजी कुठं ते पायजे होतं. त्याचं उत्तर मला खरंच ठाऊक नव्हतं, सर."

चाती थांबली. मला दाराआड उभं राहवेना. कारण मलाही ते ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून दिवाळीनंतर माझा माणूस कुठंतरी असतो.

सासऱ्यांनी लोकरीचा धागा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग सरांना म्हणाले, "आन मग हिनं कसं इचारायचं?"

"मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "तुम्ही सांगा."

सासऱ्यांना वाटलं मास्तर थट्टा करतोय. त्यांनी सरांकडे नीट बघितलं. सर वाट बघत होते, पोरं त्यांची बघतात तशी.

"निघालेल्या माणसाला इचारू न्हाई," सासरे सावकाश म्हणाले. "त्याचं त्यालाच कुठं ठाऊक असतंय? रान मिळंल तिथं ऱ्हायचं. लयच वाटलं तर लांब का जवळ, इतकंच म्हणावं. पुरं इचारायचं ते आलेल्या माणसाला. आल्यावर इचारावं, कुठं गेलता. मग त्यो सांगतो, सगळं, पाणी कुठं होतं, काटा कुठं होता."

"बरोबर," सर म्हणाले.

शीतलनं चमकून माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. सासऱ्यांना यात काय झालं ते कळलं नाही.

"बरोबर आसंल न्हाईतर काय," ते म्हणाले, आणि चाती फिरवायला लागले. थोड्या वेळानं शीतलला म्हणाले, "आल्यावर इचार मला. कुठं गेलता म्हून." परत थांबले. मग जणू सरांनाच हिशेब पटवून देत असल्यासारखं म्हणाले, "आता ही संगं आली तर इचारणार कोण? ऱ्हाऊ द्या घरी. शाळेत तरी जाऊ द्या तवर."

शीतलचे वडील उठून मेंढरांकडे गेले. मला त्यांची पाठ दिसली. मी चहा ठेवला आणि त्यात साखर दोनदा पडली. सरांनी तो गोड चहा काही न विचारता पिऊन टाकला.

दुसरं रान ठरलं आणि कळप निघाला. शीतल ओट्यावर दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होती. सासरे पुढे गेले, थांबले, आणि मागे न बघता आपणच म्हणाले, "लांब हाय ह्या खेपेला."

उन्हाळ्यात सरांची बदली झाली. कुठं झाली ते गावात कुणाला नीट कळलं नाही आणि निघताना कुणी विचारलं नाही. निघालेल्या माणसाला विचारायचं नाही, आणि ते तर आमच्याच गावातून निघाले होते. एक पेटी, एक वळकटी, आणि हातात डबी. पोरं शाळेसमोरच्या बसथांब्यापर्यंत आली होती. मी दशम्या आणि चटणी बांधून नेली. त्यांनी घेतली आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही मला आजवर काहीच विचारलं नाही."

बस वळणावर दिसायला लागली होती. मी पदर नीट केला आणि म्हणाले, "लांब का जवळ, सर?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. डबी उघडली आणि तळहातावर ओतली, गावात पहिल्या माणसानं घर का बांधलं त्या दिवशी ओतली होती तेवढी. तोंडात टाकली आणि लिंबाकडे बघायला लागले. बस आली. चढले. खिडकीत बसले तरी चघळतच होते. हात हलवला आणि गेले. उत्तर मिळालंच नाही. त्यांचा नंबर आमच्या फोनमध्ये आहे, पण फोनवर मला बोलायला जमत नाही. कधी कधी वाटतं, ते अजून कुठल्यातरी शाळेच्या खिडकीतून बाहेर बघत तेच चघळत असतील.

पेरण्यांच्या आधी कळप आला. सासरे अजून चपला काढतच होते तर शीतलनं विचारलं, "आबा, कुठं गेलता?" त्यांनी आधी पाणी मागितलं. मग अंगणात बसून खडे मांडायला लागले. हा आपला गाव, हे चारठाणं, हा जिंतुराकडचा घाट, इथं विहीर, इथं कोल्ह्यानं कोकरू नेलं. शीतल एकेक खड्याला विचारत होती आणि ते सांगत होते. सासूबाई आतून जेवायला हाका मारत होत्या. मी दारात बसून ऐकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुठंतरी म्हणजे कुठं ते दिसत होतं. सर असायला पाहिजे होते असं फार वाटलं. पण मग वाटलं, ते असते तर कुणालातरी "कशावरून?" म्हणाले असते आणि सासरे खवळले असते.

पाचवीचं बोलणं घरात असं झालंच नाही. सासऱ्यांनीच एक दिवस सेलूच्या बाजारातून येताना शीतलला दप्तर आणलं आणि खुंटीला अडकवलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी शीतल नवा गणवेश घालून अंगणात आली. मी तिच्या वेण्या परत एकदा घट्ट केल्या. बसचा आवाज यायला लागला होता. सासरे ओट्यावर बसले होते. ती फाटकापाशी गेली तेव्हा ते म्हणाले, "लांब का जवळ गं?"

शीतल थांबली. तिच्या तोंडात काही नव्हतं, पण ती सरांसारखीच थोडा वेळ शाळेच्या लिंबाकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "आल्यावर इचारा, आबा."

आणि पळत बसकडे गेली. त्या दिवशी संध्याकाळची बस येईपर्यंत सासरे ओट्यावरून उठले नाहीत.